काश्का पुन्हा हरवली

६ सप्टेंबर, शुक्रवार

काश्का पुन्हा हरवली! बैशेन आके सकाळीच दारात उभे. टोपी हातात, चेहरा असा की घोडी नाही, घरच हरवलंय. "बुरुल, बघ गं जरा. तपकिरी, कपाळावर पांढरा टिळा—" म्हटलं, आके, तुमच्या घोडीला आता मी तुमच्यापेक्षा जास्त ओळखते. बसा.

घेवड्याचे दाणे काढले. एकेचाळीस. कपाळाला लावले, एनेचं नाव घेतलं, पांढऱ्या फडक्यावर ढीग मांडले. डोक्याच्या ओळीत पाणी, पायाच्या ओळीत मोकळी वाट. लगेच सांगितलं — जुन्या गिरणीच्या वरची घळ, झऱ्यापाशी. दुपारी परत हजर! "अगदी झऱ्यापाशीच! तू म्हणजे बुरुल, तू म्हणजे—" चहा प्यायले, ताटलीभर तळलेले बोर्सोक संपवले, घोडीच्या दुधाच्या कुमिसची बाटली ठेवून गेले. ताजं, फेसाळलेलं.

लोक म्हणतात नशीब कोणाला दिसतं? ज्याला दिसतं त्याला दिसतं. यात बढाई नाही. मला हे शिकवणारी म्हातारी तोक्तोबू एने मरताना तिचे दाणे माझ्या ओंजळीत घालून गेली. गावात सूनबाई कधी आणायची, मेंढ्या कधी खाली उतरवायच्या, माझ्या दाराशी आल्याशिवाय कोणाचं पान हलत नाही.

८ सप्टेंबर, रविवार

लेकीचा फोन, बिश्केकहून. मीरिम तिथे दवाखान्यात नर्स आहे, आणि सुईशिवाय तिचा कशावर विश्वास नाही. घोडीचं सांगितलं. "आई, ती शुक्रवारीच कशी गं हरवते नेमकी?" म्हटलं, शुक्रवार पवित्र वार, जनावरालाही कळतं. खो खो हसली. "आणि हरवलेल्या घोडीचं ताजं कुमिस आलं कुठून?" मी म्हटलं, त्यांच्याकडे काय एकच घोडी आहे?

एकच आहे. पण फोनवर कशाला सांगायचं.

१० सप्टेंबर, मंगळवार

शेजारच्या झिपारचा मुलगा गाडी चालवायच्या परीक्षेला गेला. मंगळवारी जाऊ नको म्हणून बजावलं होतं. नापास!

१३ सप्टेंबर, शुक्रवार

काश्का हरवली. नदीपलीकडचं झुडपांचं बन. सापडली.

नवा रुमाल बांधला होता आज. आकेंनी बघितलं. दोनदा बघितलं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

पहाटे शेरमात स्वप्नात आला. नवरा जाऊन इतकी वर्षं झाली, अजून माझ्यावर खेकसतोच! मागच्या पॉपलरच्या रांगेत उभा होता — कालव्यापलीकडे, त्यानेच लावलेली झाडं. म्हणतो, "माझ्या झाडांत गवत कोण टाकतंय गं? जरा बघत जा!"

स्वप्न आधी वाहत्या पाण्याला सांगितलं, मग अर्थ लावला. अर्थ सरळ आहे. गवत म्हणजे खाणं, खाणं म्हणजे भूक. बिचारा भुकेला आहे. लगेच कढई चढवली, सात रोट्या तळल्या, तेलाचा वास चांगला घरभर होऊ दिला. झिपारला आणि मशिदीतल्या म्हाताऱ्यांना वाटल्या. आता शांत झोपेल.

(झाडांत जाऊन बघणार होते. पण गुडघा! कालव्याच्या फळीवरून कोण जाणार? पाच उन्हाळे गेले नाही तिकडे.)

२० सप्टेंबर, शुक्रवार

आज काश्का हरवली नाही!

बैशेन आके आले, बसले, टोपी फिरवत राहिले. म्हटलं, घोडी? "घोडी आहे." मग? "आज माझंच बघ, बुरुल. घरात एकटा असतो. पुढे कोणी आहे का नशिबात, तेवढं बघ."

दाणे दोनदा मोजले मी. का ते लिहीत नाही. दाणे मांडले. आणि असा कौल आयुष्यात पाहिला नाही! हृदयाचं घर भरलेलं, उंबऱ्याच्या घरात पाऊल. धडाधड दिसत गेलं, तसंच सांगितलं — एक बाई. तरुण नाही. मावळतीकडून येईल, पायी, तिच्या पुढे एक जनावर चालत असेल. खिंडीत बर्फ पडायच्या आत तुमच्या अंगणात उभी राहील.

आके माझ्याकडे बघत बसले. "मावळतीकडून? नीट बघ."

"नीटच बघितलंय."

"ओळखीची आहे का?"

"दाणे आहेत हे आके, फोटो नाही!"

मग हळूच म्हणाले, "तुझं घरही माझ्या मावळतीलाच की गं."

आता यांना काय सांगायचं! एनेने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं — दाणे टाकणारा हात दाण्यांत दिसत नाही. म्हणून तर कौल लावणारी स्वतःचा कौल लावत नाही. मी म्हटलं, माझं सोडा, मी यात येतच नाही. आणि माझं तर एनेने शेरमात गेला तेव्हाच बघून ठेवलंय — 'बुरुल, तुझ्या उंबऱ्यात आता नवरदेव येणार नाही.' तेव्हाच मी कानातले डूल काढून पेटीत टाकले. ते संपलं.

बोर्सोक न खाता गेले.

२२ सप्टेंबर, रविवार

सापडली! कशी सुचली नाही आधी? अनारकान. मावळतीकडच्या गावातली, शाळेतली बाई, आता निवृत्त. विधवा. आणि गाय आहे तिच्याकडे! लाल, धष्टपुष्ट. म्हणजे जनावरही जुळलं. ठिपका ठिपक्यावर बसतो तो असा.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आज कोणालाच काही सांगितलं नाही. मंगळवार.

२५ सप्टेंबर, बुधवार

सैदेकानकडे जाऊन आले. आकेंची धाकटी बहीण, जिभेने अख्खं गाव झाडून काढते. ऐकलं आणि मला मिठीच मारली. "बुरुल एजे, तोंडात साखर पडो तुमच्या! माझा भाऊ ना, उकडलेले बटाटे खाऊन दिवस काढतो. मी उद्याच जाते तिच्याकडे." मग डोळे बारीक करून म्हणाली, "मला मेलीला वाटत होतं, तो शुक्रवारी कुठे जातो नटून—"

"घोडी शोधायला," मी म्हटलं.

"हो का," ती म्हणाली. "घोडी शोधायला दाढी करतो?"

काहीही बोलते.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

आले. दारातच उभे राहिले. "सैदेकान म्हणते, अनारकान. तुझा कौल आहे म्हणे."

म्हटलं, माझा नाही, नशिबाचा. चांगली बाई आहे. स्वच्छ घर, चार पुस्तकं वाचलेली.

"तुला बरं वाटेल का, बुरुल?"

म्हटलं, मला बरं-वाईट वाटून काय होणार? लिहिलेलं आहे ते होतं.

"मग होऊ दे," म्हणाले. कुमिस ठेवलं आणि गेले. काश्काचं विचारलंच नाही मी.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

आले नाहीत.

बोर्सोक केले होते. सवयीने. कावळ्यांना टाकले.

६ ऑक्टोबर, रविवार

सैदेकान सगळं ठरवून आली. अनारकान आधी "बघू" म्हणाली, मग "या चहाला" म्हणाली. म्हणजे झालंच! दिवस मीच काढून दिला — वीस तारीख, रविवार, चंद्र चांगला. त्या दिवशी सैदेकान ताटं घेऊन जाणार आणि अनारकानच्या कानात डूल घालणार. एकदा डूल घातले की झालं, मग कोणी मागे फिरत नाही.

डूल दाखवायला आणले होते. चांदीचे, पोवळं बसवलेले. आकेंच्या आईचे. मला म्हणाली, तुमच्या हाताने दुवा द्या. दिली. नीट दिली, मन लावून. माझ्या दुवेत खोट नसते.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

कोणी वाचत नाही हे, तर लिहूनच टाकते. मला तो माणूस हवा आहे. बैशेन! त्याचा टोपी फिरवत बसायचा ढंग, चहात साखर ढवळताना पेल्याचा आवाज होऊ नये म्हणून घेतलेली काळजी, सगळं हवं आहे. अठ्ठावन्न वर्षांची बाई मी, नातवंडांची आजी, आणि शुक्रवारी फाटक वाजलं की आधी रुमाल नीट करते. आज दहादा वाजलं. वारा होता.

पण म्हणून काय कौल फिरवायचा? आपल्याला हवं ते बघायला लागले तर एनेच्या दाण्यांत आणि चुलीवरच्या घेवड्यात फरक काय? तो कौल खरा आहे. दुसरं काही खोटं असेल, तो खरा आहे. इतका स्वच्छ मी कधीच पाहिला नव्हता.

रडले थोडी. मग जमिनीवरचा लोकरी नमदा धुतला. बरं वाटलं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

मीरिमला फोनवर अनारकानचं ठरल्याचं सांगितलं. या वेळी हसली नाही. म्हणाली, "आई, तू अख्ख्या गावाचं बघतेस. तुझ्याकडे बघायला कोण आहे गं?" हे असलं बोलायला ती लहानपणापासून हुशार.

म्हटलं, मला सगळं दिसतं, तू काळजी करू नको.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

आले नाहीत. परवा डूल. खिंडीवर ढग साचलेत, आज-उद्या पडणार बर्फ. कौलाची वेळ अगदी बरोबर चालली आहे. असं व्हायलाच हवं होतं आणि तसंच होतंय. मला समाधान आहे.

समाधान आहे!

१९ ऑक्टोबर, शनिवार

लिहून मगच निघणार.

दुपारी घोडी खिंकाळली. घराच्या मागे, अगदी जवळ. खिडकीतून बघते तर काश्का! तुटलेला दोर लोंबतोय, आणि स्वारी पॉपलरच्या रांगेत. म्हटलं, आज खरंच सुटली, आणि बघा कशी आली माझ्याकडे! गेले. गुडघा गेला खड्ड्यात. फळीवरून कालवा ओलांडला.

झाडांत एक खुंट ठोकलेला.

नवा नाही. दोर घासून घासून गुळगुळीत झालेला खुंट. भोवती जमीन तुडवून टणक झालेली, गोल. जुनी लीद, नवी लीद. गवताच्या पेंढ्या, वाळलेल्या, अर्ध्या खाल्लेल्या. काश्का त्या खुंटापाशी जाऊन उभी राहिली, आपल्या तबेल्यात उभी राहावी तशी. आणि माझ्याकडे बघायला लागली की गवत कुठे आहे?

म्हणजे मी आत दाणे मांडून 'गिरणीवरची घळ' सांगत होते तेव्हा घोडी इथे चरत होती! 'नदीपलीकडचं बन' — इथे! दर शुक्रवारी! शेरमात बिचारा बरोबर सांगत होता, झाडांत गवत कोण टाकतंय बघ, आणि मी त्याला रोट्या खाऊ घातल्या! गावभर मिरवले मी त्या घोडीवर. 'बुरुल एजेला सगळं दिसतं.' माझ्या घरामागे बांधलेली घोडी दिसली नाही मला!

म्हातारा लबाड! लाज नाही, वय नाही! उद्या ज्याच्या नावाने दुसरीच्या कानात डूल जायचे तो माणूस! आत्ताच्या आत्ता जाते. घोडी त्याच्या अंगणात सोडते आणि सैदेकानच्या देखत असं सुनावते की सात पिढ्यांनी आठवण काढावी. दोर धरायचीही गरज नाही. काश्काला वाट माहीत आहे. ती पुढे, मी मागे.

२० ऑक्टोबर, रविवार

रात्रभर बर्फ पडलं. खिंड बंद.

काल सुनावलं काहीच नाही. फाटकात शिरले तेव्हा उन्हं माझ्या पाठीवर होती. पुढे काश्का, तिच्या मागे माझी सावली, पार त्यांच्या दारापर्यंत लांबलेली. तिथेच थांबले. मावळतीकडून. पायी. पुढे जनावर. एने म्हणाली होती, टाकणारा हात दिसत नाही. हात नसतो असं कुठे म्हणाली होती! आणि माझ्या उंबऱ्यात नवरदेव येणार नाही म्हणाली — आला नाहीच. मीच गेले.

आके ओट्यावर उभे. टोपी हातात. घोडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"कुठे सापडली?"

"जिथे तुम्ही बांधत होतात तिथे!"

सैदेकान हातातलं ताट तसंच टाकून धावली. अनारकानला तिनेच फोन केला, ती म्हणे हसतच सुटली, "बरं झालं बाई, माझी गाय तुमच्या अंगणात रुळली नसती." मग तिनेच डूल बांधलेलं लाल फडकं सोडलं. माझ्या कानांची भोकं बुजत आली होती. डूल जाता जाईना. दुखलं.

दुखू दे.