तांदळात लिहिलेलं नाव

सावेडी, अहमदनगर
१२ जानेवारी १९९६

प्रिय विमल,
स. न. वि. वि.

काल चादरी उन्हात टाकताना बोर्डिंगमधली शनिवारची दुपार आठवली. सिस्टर आपल्याला व्हरांड्यात लाल दोरा देऊन कपड्यांवर नावं घालायला बसवायच्या. माझ्या उशीच्या अभ्र्यावर 'लंका औटी' घालायचं होतं. मुली हसल्या, रावण कधी येणार म्हणून विचारू लागल्या. मी सुई टाकून रडत बसले, आणि उरलेलं 'औटी' तू घातलंस. चांगलं वाकडं घातलंस. सिस्टरांनी उसवायला कसं लावलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. त्याच दुपारी तू म्हणाली होतीस, की मोठेपणी मी तुला एक छान नाव देईन.

तू शब्द पाळलास. लग्नात तुझ्या दादांनी अंगठीनं तांदळात 'विजयमाला' लिहिलं, ते तूच त्यांच्या कानात सांगितलं होतंस. ताटही तूच धरलं होतंस. त्या दिवसापासून मी लोकांत तुला वन्सं म्हणायला लागले. पस्तीस वर्षं झाली.

आता कामाचं. तीस जूनला मी शाळेतून निवृत्त होते. त्याआधी मला माझं नाव परत हवं आहे, लंका रंगनाथ औटी. घटस्फोटाला दोन वर्षं झाली, तरी हजेरीपटावर रोज सकाळी तुझ्या दादांचं नाव माझ्याच हातानं लिहिते. पेन्शनचे कागद त्या नावानं गेले, की मरेपर्यंत तेच. वकिलांनी राजपत्रात नाव छापून आणायला सांगितलं आहे. अडचण अशी, की शाळेच्या दाखल्यावर लंका आहे, नोकरीत आणि कोर्टाच्या निकालात विजयमाला आहे, आणि दोघी एकच असल्याचा एकही कागद नाही. लग्नपत्रिकेत माहेरचं नाव होतं. सासरचं नाव फक्त तांदळात होतं, आणि ते तांदूळ आपण दुसऱ्या दिवशी शिजवून खाल्ले.

दोन्ही नावांनी ओळखणाऱ्या माणसाचं प्रतिज्ञापत्र लागेल. माझ्या माहेरचं कोणी उरलं नाही. तूच आहेस. मार्चच्या आत एकदा नगरला येशील का?

ती. सासूबाईंना शि. सा. न. मफलर विणते आहे, थंडी संपायच्या आत पोचेल असं वाटत नाही. लोभ आहेच, तो कमी करू नकोस.

तुझी,
विजू


काष्टी
३ फेब्रुवारी १९९६

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कांदा काढणी चालू होती आणि आईला खोकला होता. आता बरी आहे, पण दृष्टी फार कमी झाली. दिवे लागले की दाराकडे तोंड करून विचारते, "इजू आली का गं साळंतून?" येईल म्हणून सांगते. दोन घास जास्त खाते.

तुझं पत्र दादाला दाखवायचं नव्हतं, पण बाजारच्या दिवशी तो श्रीरामपूरच्या बिऱ्हाडातून आला आणि पाकीट भिंतीतल्या दिवळीत होतं. त्याचं म्हणणं, घटस्फोट मागितला, दिला, आता आमचं नाव छापून गावभर वाटायची काय गरज. मी सही केली तर दुसरं घर बघावं, असंही म्हणाला. माझे मालक गेल्यापासून मी याच छपराखाली आहे, हे तुला माहीत आहे. या वयात मी कुठं जाऊ?

आणि खरं सांगू का, मलाही वाईट वाटलं. ते नाव मी दिलं होतं. रात्रभर विचार करून काढलं होतं. ते तू जुन्या लुगड्यासारखं काढून ठेवते आहेस. पुन्हा लंका होऊन काय मिळवणार आहेस, आणि आता रडू आलं तर पुढची अक्षरं कोण घालणार?

बाकी इथं नवीन काही नाही. चि. ज्ञानेश्वरीस अ. उ. आ. माझ्यावर रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस.

तुझी,
विमल


सावेडी
२० फेब्रुवारी १९९६

प्रिय विमल,
स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी ठरवलं होतं, की तुला पुन्हा या कामासाठी लिहायचं नाही. तुझी अडचण मला समजते. छप्पर सोपी गोष्ट नाही.

पण परवा ज्ञाना अकोल्याहून आली. येताना वाट वाकडी करून ती काष्टीला आजीला भेटली, हे तू जाणतेसच. बोलता बोलता म्हणाली, आई, तुझा एक हंडा तिथंच राहिला आहे, तुझं नाव कोरलेला, अगदी नव्यासारखा ठेवलाय आत्यानं. मी म्हटलं, माझी भांडी मी सोडून आले, पण माझा हंडा पितळेचा होता. हा स्टीलचा आहे म्हणाली. मग मी तिला कोरलेलं सगळं आठवायला लावलं. 'सौ. विजयमाला आप्पासाहेब दरेकर, १८ मे १९९५.'

दादांनी गेल्या वर्षी लग्न केलं, ते मला कळलं होतं. त्या बाईबद्दल माझ्या मनात काही नाही. पण पेन्शन येईल ती याच नावानं, आणि या नावाची दुसरी बाई आता त्याच माणसाची बायको आहे. माझ्या पस्तीस वर्षांवर दुसरं कोणी बसलंय असं नाही वाटत मला. मी तिथं कधी नव्हतेच, असं वाटतं.

इथं नवीन काही नाही, असं तू लिहिलं होतंस.

दोनच गोष्टी कळव. तिचं खरं नाव काय. आणि ताट कोणी धरलं होतं.

विजयमाला


काष्टी
६ मार्च १९९६

प्रिय लंका,

तिचं नाव शुभांगी. गरीब आहे, माझ्याशी चांगली वागते.

ताट मी धरलं होतं. दादा अंगठी घेऊन थांबला आणि मला म्हणाला, सांग एखादं नाव. मला सुचेना. तेव्हा तो म्हणाला, मग आहे तेच राहू दे, रेशनकार्डावर खाडाखोड नको आणि आईला नवीन शिकवायला नको. सगळे हसले. मीही हसले असेन. नुसतं ताट हललं असतं तरी तांदूळ विस्कटले असते. मी हात स्थिर धरला, लंका. तुझ्या लग्नात धरला होता त्याहूनही स्थिर. तेव्हापासून तुला पत्र लिहिताना दर वेळी ते सांगायचं ठरवते आणि कांद्याचं लिहून मोकळी होते.

शुक्रवारी पहिल्या एस.टी.नं नगरला येते. वकिलांना सांगून ठेव. माझ्या बोर्डिंगच्या दाखल्यावर आपली शाळा एकच आहे, तोही आणते.

दादाला मी तोंडावर सांगितलं. त्यानं माझी ट्रंक पडवीत आणून ठेवली. आई चाचपडत गेली आणि ट्रंकेवर बसली. म्हणाली, हिला घालवायची तर मलाबी हिच्यासंगं एस.टी.त बशीव. दादा जेवून निघून गेला. आई आहे तोवर मी आहे. पुढचं बघू.

ट्रंक उघडली तेव्हा तळाशी तुझा उशीचा अभ्रा निघाला. बोर्डिंग सोडताना बदलून आलेला दिसतो. 'औटी' खरंच वाकडं आहे गं.

रागाव, पण स्टँडवर ये.

विमल


सावेडी
१० जून १९९६

प्रिय विमल,
स. न. वि. वि.

राजपत्र आलं. पानाच्या कोपऱ्यात, दोन ओळी. मुख्याध्यापिकांनी आज माझ्यासमोर सेवापुस्तकात नोंद केली. मग हजेरीपटावर सही करताना 'लं'पाशीच हात अडला, शिपाईबाई थांबून बघत राहिल्या. पस्तीस वर्षांत सवय गेली. तीस जूनपर्यंत पंधरा सह्या तरी होतील, तेवढ्यात सुधारेल.

त्या शुक्रवारी तहसीलच्या बाकावर मी तुझ्याशी नीट बोलले नाही. अजूनही मधेच ते ताट आठवतं आणि तुझा राग येतो, आणि मग प्रतिज्ञापत्रावरची तुझी वाकडी सही आठवते. दोन्ही राहणार. तरी माझी पुढची खोली तुझी आहे. आई असताना येणार नाहीस, ते कळतं. नंतर ट्रंक पडवीत ठेवायची वेळ येऊ देऊ नकोस.

राजपत्राच्या तीन प्रती पाठवते आहे. एक तुझ्याकडे ठेव. एक ज्ञाना आजीला भेटायला येईल तेव्हा तिला दे. तिसरी तुझ्या दादांना, हातात नको, दिवळीत ठेव, सापडेल.

माझा पितळी हंडा आणि बाकीची नाव कोरलेली भांडी शुभांगीला. तिला आता पुन्हा कोरायला नकोत. पण तू मात्र तिला शुभांगी म्हण, निदान चुलीपाशी.

ते ताट ज्ञानाला. तिच्या मुलीच्या लग्नात त्यात फक्त जेवण वाढायचं, एवढं तिला सांग.

अभ्रा मला. उसवू नकोस.

आणि विजयमाला हे नाव सासूबाईंना. त्यांना राजपत्र वाचून दाखवू नकोस. दर रविवारी दुपारच्या गाडीनं येत जाईन. दिवे लागले की त्या विचारतील, तेव्हा ओ मी देईन.

तुझी,
लंका