शेवटच्या खुर्चीवरचं व्हायोलिन

६ मे

ती. आजीस,
सा. न. वि. वि. साष्टांग खरोखरच घातला असता, पण इथे दोन खाटांच्या मधे तेवढी जागा नाही.

शिबिरात आल्याआल्या सगळ्यांचे फोन जमा करून ऑफिसच्या कपाटात ठेवलेत. म्हणून पत्र. माझ्या अक्षराला हसायचं नाही. आमचा वाद्यवृंद मोठा आहे, सगळी माझ्याच वयाची मुलंमुली. मला व्हायोलिनच्या रांगेतली शेवटची खुर्ची मिळालीय. माझ्या पुढच्या खुर्चीवरच्या मुलाला आम्ही शिंक्या म्हणतो. व्हायोलिनच्या गजाला राळ घासली की ती उडते, आणि ह्याच्या शिंका सुरू होतात.

आता मुख्य भानगड. इथे एक रीत आहे. कार्यक्रम चालू असताना सगळ्यात पुढच्या ताईच्या व्हायोलिनची तार तुटली, तर तिनं थांबायचं नाही. तिच्या मागच्यानं आपलं व्हायोलिन तिला द्यायचं आणि तुटकं स्वतःकडे घ्यायचं. मग त्याच्या मागच्यानं त्याला. असं करत तुटकं व्हायोलिन शेवटच्या खुर्चीवर येतं, म्हणजे माझ्याकडे. मी ते मांडीवर घेऊन गप्प बसायचं.

काल सरांनी ह्याची तालीम घेतली. शिंक्यानं मागे वळून हात पुढे केला, आणि मी आजोबांचं व्हायोलिन पोटाशी धरून बसले. तू देताना म्हणाली होतीस ना, दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस म्हणून? सगळे माझ्याकडे बघत राहिले. सर म्हणाले, रीत पाळायची नसेल तर पंचवीस तारखेच्या कार्यक्रमाला ही खुर्ची दुसऱ्या कुणाला देऊ. आजी, मी काय करू? तू म्हणशील तसं. पण लवकर म्हण.

तुझी लाडकी (दुसरी नात नाही म्हणून),
टिटवी

९ मे

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद, त्यातला एक कान धरून.

तुझं पत्र चष्मा लावून वाचलं, मग चष्मा काढून वाचलं. अक्षर दोन्हीकडून सारखंच. अगं, आमच्या गावच्या शाळेत छप्पर गळायचं, पण गुरुजींनी अक्षर तेवढं गळू दिलं नाही. आणि त्या शिंक्याबद्दल एवढं लिहिलंस, दिसायला कसा आहे ते लिहिलं नाहीस. मी विचारत नाही. नुसतं म्हणतेय.

राहिलं व्हायोलिन. ह्यांच्या व्हायोलिनवर शिंकऱ्या पोराची हनुवटी? छे गं बाई! तुझे आजोबा दिवसभर पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचे. घरी आले की हाताचं ग्रीस घासघासून काढायचे, मगच पेटी उघडायचे. मी धूळ पुसायला फडकं घेऊन नुसती जवळ गेले तरी असे बघायचे, जशी मांजर दुधाकडे निघालीय. बायकोला जे मिळालं नाही ते शिंक्याला? नाही म्हणजे नाही. सरांना सांग, आमची आजी खट आहे.

पण खुर्ची सोडून आलीस तर दारात उभी करीन. काय करायचं ते तूच बघ. डोकं माझ्यावर गेलंय, ते वापर.

इकडे सगळं ठीक. तुझा बाप मला रोज फिरायला जा म्हणतो आणि स्वतः गाडीनं जातो.

लोभ आहेच, मागायची गरज नाही.
तुझी खट आजी

१४ मे

ती. आजीस,
नमस्कार, आज जरा घाईतला.

डोकं वापरलं. संस्थेचं एक जुनं व्हायोलिन मागून घेतलं. आवाज दाराच्या बिजागरीसारखा आहे, पण ते कुणाच्याही हातात द्यायला जीव तुटत नाही. सरांनी खुर्ची राहू दिली. आजोबांचं व्हायोलिन पेटीत, पेटी माझ्या खाटेखाली. कुणी हात लावत नाही. मी पण नाही, कारण बोटांना त्याची सवय राहिली तर ह्याच्यावर सूर चुकतात.

शिंक्यानं विचारलं, ते आधीचं कुठे गेलं? म्हणाला, पाठीमागून तो आवाज आला की आपण बरोबर चाललोय असं वाटायचं. आता मागे कुणीतरी सारखं दार उघडतंय असं वाटतं. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. चिडायचं कारण हे की तो खरं बोलला.

आजी, बाबांना सांगू नकोस, पण मला घरी यावंसं वाटतंय. वाजवताना मजाच येत नाही. कार्यक्रमापर्यंत थांबू, की आधीच येऊ?

तुझी,
टिटवी (सध्या मुकी)

१७ मे

चि. मुक्या टिटवीस,
आशीर्वाद, आणि पाठीत एक हलका धपाटा.

तुझं पत्र घेऊन आतल्या खोलीत गेले. कपाटावर पेटी असायची ना, तिथे अजून तिचा चौकोन उमटलेला आहे, भोवती धूळ. हे गेल्यावर मी ती कितीदा पुसली, उघडली मात्र नाही. शेवटी म्हटलं, पोरीला देऊन टाकू, निदान बाहेरची हवा तरी लागेल. आणि ती शहाणी तिकडे जाऊन पेटी खाटेखाली सरकवते! का, तर आजीनं सांगितलं. जळ्ळं मेलं आजीचं तोंड. तुला अख्ख्या जन्मात माझं एकच सांगणं ऐकावंसं वाटलं, तेही नेमकं हेच?

काढ ते बाहेर. आजपासून तेच वाजव. आणि तार तुटली तर दे, कुणाची पर्वा करू नकोस, माझी तर नाहीच. त्या शिंक्याला एवढंच सांग, शिंक आली तर तोंड पलीकडे.

कार्यक्रमाला मी येतेय. तुझ्या बापाला म्हटलं, तू गाडीनं ये नाहीतर चालत, मी पहिल्या बसनं निघणार. आणि त्या पुढच्या ताईकडे अशी डोळे वटारून बघत बसणार, की तिच्या तारेची तुटायची हिंमत होणार नाही.

लोभ वाढतोय, वजनासारखा.
तुझी आजी

२७ मे

चि. टिटवीस,
आशीर्वाद, ह्या वेळी कान, धपाटा काही नाही, नुसते.

परवा धड बोलताच आलं नाही. तू मैत्रिणींच्या घोळक्यात, आणि तुझा बाप माझी पिशवी धरून निघा निघा करत. म्हणून लिहायला बसले.

तुटलीच की गं मेली तार! माझ्या डोळ्यांचा काही उपयोग झाला नाही. पुढून एकेक पोर वळायला लागलं, तशी मी खुर्चीची कड घट्ट धरली. म्हटलं, आता माझी नात व्हायोलिन देण्याआधी एकदा तरी माझ्याकडे बघेल. आणि मी मान हलवीन. हलवायची तयारी करून बसले होते. पण तू कसली बघतेस! शिंक्याचा हात मागे आला आणि तू देऊन मोकळी. तुटकं मांडीवर घेतलंस आणि हसत होतीस. शेजारच्या बाईनं विचारलं, तुमची नात कोणती? मी म्हटलं, ती बघा, जी वाजवत नाहीये ती. बिचारीनं मला पाणी दिलं.

मला वाटलं होतं, ह्यांचं व्हायोलिन आता हातोहात सगळ्यात पुढे जाईल. ताईकडे, दिव्यांच्या झोतात. गेलं कुठे? एक खुर्ची पुढे! रीत तू नीट लिहिली होतीस, मीच नीट वाचली नाही. शिंक्याचं नाक लाल झालेलं मला लांबून दिसत होतं, पण पोरानं एक शिंक काढली नाही. गुणाचा आहे. (दिसायलाही बरा आहे. मी काही म्हणत नाहीये.)

मग मी डोळे मिटून त्या एकाच व्हायोलिनचा आवाज शोधायला लागले. खोटं कशाला बोलू, नाही सापडला. सगळ्यांत मिसळून गेला होता. टिटवे, हे जन्मभर आतल्या खोलीत दार लावून एकटेच वाजवायचे. कुणी ऐकलं तर लाजायचे. एवढ्या गोतावळ्यात बसलेलं मी त्यांना परवा पहिल्यांदा पाहिलं.

शिबिराचे अजून थोडे दिवस आहेत ना, ते संपेपर्यंत तिथेच थांब. घरी यायची घाई करू नकोस, आम्ही कुठे पळून जात नाही.

लोभ तुझ्याकडेच ठेव, फुरसतीनं परत कर.
तुझी आजी