वकीलसाहेबांच्या दावणीची गाय

१२ जानेवारी १९६४, राजापेठ

गाय आली! अकोल्याहून, जुन्या शहरातून, धाकट्या उद्धवनं पाठवली. बापाची भिक्षुकी आता तोच चालवतो. गोदानात मिळाली म्हणे. त्याच्या गल्लीत बांधायला जागा नाही, म्हणून इथे थोरल्याकडे, अमरावतीत.

मी सांगते, सून रमा लिहून राहिली. पण नवऱ्याचं नाव लिहायला लाजते! "काहून वं, कागद जळते का?" मान खाली. बरं, वकीलसाहेब लिही. आहेच तो सरकारी वकील. लाच खाणाऱ्यांवर खटले चालवतो.

१९ जानेवारी

दूध गोड. वकीलसाहेब चहा दोनदा मागतात.

३ फेब्रुवारी

वकीलसाहेबांवरच चौकशी बसली!

शेजारच्या दुर्गाबाई दारातूनच ओरडल्या, "काकू, पाव्हणी कोणाची बांधली, माहीत हाय का तुमाले?" गाय भगवंतरावांची! त्यांची आई वारली तेव्हा त्यांनी उद्धवला दान दिलेली. आणि हेच भगवंतराव सिमेंटचं परमिट द्यायला पैसे खाल्ले म्हणून आरोपी — खटला आमच्या वकीलसाहेबांकडे!

गाय कोणाची हे माहीत असतं तर दुर्गाबाईला रोज वाटीभर ताक दिलं असतं का मी?

वकीलसाहेबांनी माझ्या पायावर हात ठेवला. "आई, तुझी शपथ. मले काय माहीत कोणाची गाय!" लहानपणी गूळ चोरला की याच्या तोंडावर दिसायचं. आज काही दिसलं नाही. म्हणजे खरंच बोलतो.

१० फेब्रुवारी

चौकशीचे साहेब आले. मी चहा दिला. अर्धा कप झाल्यावर विचारतात, "आजी, दूध कुठलं?"

"त्याच गाईचं. आता तुमचीही चौकशी लागते!"

साहेबांना असा ठसका लागला की रमा पाणी घेऊन धावली.

मग गंभीर झाले. मुलाला माहीत होतं का? म्हटलं, नाही. माझा लेक लोकाच्या विहिरीचं पाणी विचारून पितो. कागदावर अंगठा दिला. संध्याकाळी गाय अकोल्याला परत.

२ मार्च

वकीलसाहेब निर्दोष! माझ्या अंगठ्यानं नोकरी वाचली म्हणतात. पेढे वाटले. दुर्गाबाईला दोन जास्त.

१८ मार्च

भगवंतरावही सुटले! मोठा साक्षीदार कोर्टात बोलावलाच नाही म्हणे. तो कोणी बोलवायचा असतो? — सरकारी वकिलानं.

मी विचारलं. "आई, तुले कायद्यातलं नाही समजत."

नाही समजत. रात्री मी जेवले नाही.

२१ मार्च

सकाळी दावणीला दुसरी गाय. गडी म्हणाला, भगवंतरावांनी पाठवली, वकीलसाहेबांच्याच हाती द्यायला सांगितली. त्यांच्या घरी आता तर कोणी मेलंही नाही! वकीलसाहेब तिच्या पाठीवर हात फिरवत उभे.

रमा लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, "आत्याबाई, आज नाव लिहू?"

लिही.

हरिहर.