दोन पट्टे, एक कबुली

छत्रीबाग, इंदूर
शनिवार, सकाळ

प्रिय श्रिया,

हे पत्र तुला लाडवांच्या डब्यात, वरच्या कागदाखाली सापडेल. गाडीत रतलाम येण्यापूर्वी तू डबा उघडतेसच, त्यामुळे सोमवारी पुण्यात राजीनामा देण्याआधी विचार करायला तुझ्यापाशी पुरेसा वेळ राहील. हे तोंडी सांगणे अधिक सरळ झाले असते; पण समोरासमोर मी नक्कीच वाद घातला असता, आणि आज मला वाद घालायचा नाही.

आपला करार तुला पाठ आहे. सांवेरजवळच्या शेतात एकेक बिघ्याचे दोन पट्टे, मोहरीचे एकच बियाणे, पाणीही सारखे. तुझ्या पट्ट्याला केवळ गांडूळखत, माझ्या पट्ट्याला केवळ सुपर फॉस्फेट आणि युरिया. तुझे पीक माझ्यापेक्षा कमी भरले तर वर्षाची रजा संपवून तू नोकरीवर परतायचे. अधिक भरले तर शेत तुझे. तुझे चार क्विंटल बारा किलो भरले, माझे चार क्विंटल नऊ. काटा मी दोनदा तपासला. तू खळ्यावरच नाचलीस, आणि सुहासिनीने, म्हणजे तुझ्या आईने, माझा उतरलेला चेहरा पाहून मला जास्तीचा लाडू दिला. तो लाडू मी खाल्ला. त्याचा मला अधिकार नव्हता.

कारण नोव्हेंबरात, पहिल्या पाण्यानंतर, तू मंगळवारी घरी थांबली होतीस तेव्हा मी तुझ्या पट्ट्यात तेवीस किलो युरिया टाकला. तोलून, ओळीओळीने, एकही रोप न वगळता.

एवढ्यावरच हे पत्र संपले असते, तर तुझा विजय खोटा ठरला असता आणि मी फारच दुःखात असतो. परंतु काल शेतावरच्या गंगूबाई आपल्या ओसरीवर मोहरी पाखडत होत्या. मी त्या तीन किलोंचा विषय पुन्हा काढला, तेव्हा त्यांच्या हातातले सूप खाली पडले, इतक्या त्या हसल्या. “बाबूजी, तुम्ही बी चोर अन् ताईजी बी चोर! पेरणीच्या आधी त्यांनी तुमच्या पट्ट्यात टोपल्यावर टोपल्या खत ओतलं, मंग तुम्ही त्यांच्याकडं युरिया फेकला. मेरे को दोघांनी बी शपथ घातली, आता मी बोलू किसको?”

म्हणजे माझ्या जमिनीची उपासमार तुलाही पाहवली नाही! मग विहिरीकडचा माझा कोपरा खुरटा का राहिला, हे कोडेही सुटले. तिथे पोचेपर्यंत तुझे खत संपले होते, असे गंगूबाई सांगतात. संपूर्ण शेतात करार पाळलेली जागा तेवढी एकच, आणि शेंगाही तिथेच सर्वांत कमी. माझ्यासारख्या वाणिज्याच्या पदवीधराला यापेक्षा स्वच्छ पुरावा कोण देणार? मी ओसरीवर एकटाच हसत बसलो. तुझ्या आईला वाटले, मला ऊन लागले.

आता जे लिहायचे राहिले, ते. करारातली नोकरीची अट माझी होती, अक्षरही माझे. तुझ्या पट्ट्यातली पाने पिवळी पडली तेव्हा मी जिंकत होतो. तू जेवणाचा डबा न उघडता बांधावर उभी राहायचीस, आणि मला एकाएकी कळले की मला ही अट जिंकायची नाही; तू परत गेलेली मला नको आहे. ते सांगण्याऐवजी मी युरिया टाकला. म्हणून सोमवारी राजीनामा जिंकल्यामुळे देऊ नकोस, कारण आपल्यापैकी कोणीच जिंकलेले नाही. यायचे असेल, तर केवळ यावेसे वाटते म्हणून ये. आलीस तर पुढच्या पेरणीला शेतात पट्टे नसतील: आधी तुझे गांडूळखत, मग माझा युरिया, तोही यंदापेक्षा कमी, आणि दोन्ही भरदिवसा, एकमेकांच्या देखत. मी गोणी आणून ठेवतो. गांडुळांच्या खड्ड्यावर रोज पाणी शिंपडतो आहे. किती शिंपडायचे, ते मात्र कळव.

तुझाच, उघडकीस आलेला भागीदार,
बाबा