पूजेचं सामान

प्रिय हेमाआत्या,

फोन केला की तू "बरी हाय" म्हणून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. आमच्या घोडबंदर रोडला पोस्टाची पेटी शोधण्यातच माझा रविवार गेला, तेव्हा चष्मा लावून नीट वाच.

काल ऑफिसात जेवताना पुन्हा तोच वाद निघाला, गांजाला कायद्याने परवानगी द्यावी का. बाहेरच्या देशांत चालतं, दारू चालते मग हे का नाही, वगैरे. पूर्वी परवानगीच्या बाजूने मीच तावातावाने भांडायचे. काल मात्र तू आठवलीस. सरकारने हो म्हटलं म्हणून पोराची आई रडायची थांबते काय, असं तू विचारायचीस. नुसत्या तुरुंगाने कोणी सुधारत नाही, असं मला अजूनही वाटतं. पण काल मी डब्यात लक्ष घातलं.

तुझी दुसरी तक्रार गाण्यांची. हळदीत धवले, लग्नविधींची ती आपली जुनी गाणी, आता कोणाला ऐकू येत नाहीत, नशेची गाणी लागतात आणि दुधाचे दात न पडलेली पोरं झुरके मारल्याचा आव आणून नाचतात. मी तुला जुनाट म्हणायचे. त्यात डीजे आपल्याच घरचा, माझा भाऊ सूरज! तू मांडवात धवले धरलेस की हा मुद्दाम आवाज वाढवायचा.

कोपरीतली आपल्या जयाची हळद मी विसरूच शकत नाही. आवाजाच्या तक्रारीवरून पोलीस आले आणि स्पीकरमागे सूरजची गांजाची पुडी सापडली. बाबांनी घाबरून ठोकून दिलं, साहेब, पूजेचं सामान आहे, आमच्या धवलारणीला विचारा. लग्नाचे सगळे विधी गाऊन पार पाडणारी तू, पूजेच्या बाबतीत तुझा शब्द कोण मोडणार? हवालदार निम्मा वळलाही होता. तू हळदीचे हात पदराला पुसलेस आणि म्हणालीस, "यो पूजेचा नाय. माजे भावाचे पोराचा हाय." ज्या तोंडाने देवांना मांडवात बोलावलं त्याच तोंडाने खोटं कसं बोलू, एवढंच तुझं म्हणणं. बाबांनी तुझ्याशी बोलणं तोडलं. तू विठ्ठलवाडीला लेकीकडे गेलीस, ती धवले सोडूनच.

पुडी लहान होती, कोर्टाने उपचार घ्यायच्या हमीवर सूरजला सोडलं. व्यसनमुक्ती केंद्रात त्याला पहिलं भेटायला कोण गेलं? तूच, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन. त्याने तोंड फिरवलं तरी पुन्हा गेलीस. शिक्षा झालीच पाहिजे म्हणणारी तू, आणि जेवू घालणारीही तूच. आत्या, आज माझा भाऊ शुद्धीवर आहे, सकाळी उठून कामाला जातो, तो तुझ्यामुळे. तुझे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

आता खरी बातमी. सूरजचं लग्न ठरलंय. मुलगी कळव्याची, अंतरा, तिला त्याने सगळं आधीच सांगितलंय. तो म्हणतो, आत्या धवले धरेल तोवर स्पीकरची वायर मी स्वतः काढून ठेवीन. आणि बाबा काल एकटेच बाजारात जाऊन धवलारणीच्या मानाचं लुगडं घेऊन आले, हिरवं, तुला आवडतं तसं. काठ बरे आहेत ना, असं मला सतरांदा विचारून झालं. मग म्हणाले, "लिव तिला. पन माजा नाव नको घालू." म्हणून मी मुद्दाम घातलं. ये.

तुझीच लाडकी भांडखोर,
कल्पिता