वाघाची वेळ, सशाची वेळ

२ डिसेंबर १९८६, आंदोंग

माझा जन्म कोणत्या वेळी झाला? मला सांगता येत नाही. नोकरीच्या पहिल्याच दिवशी, पहिल्याच प्रश्नाला मी नापास झाले.

बेक गुरुजी माणसाचे चार खांब मांडतात: जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि वेळ. दिवसरात्रीचे दोन-दोन तासांचे बारा भाग, प्रत्येक भागाला एक प्राणी. माझे तीन खांब मी घडाघडा म्हणून दाखवले आणि चौथ्याला अडले. माझा जुळा भाऊ ग्युहो पहाटे पाच वाजून गेल्यावर झाला, सशाच्या वेळी, हे आईला पक्कं आठवतं. मी त्याच्या आधी झाले की नंतर, ते मात्र तिला आठवत नाही. म्हणते, शुद्धच नव्हती.

गुरुजी हसले. म्हणाले, “तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही पोरी, चार पायांचंच डुगडुगतं. बस निवांत.”

ही नोकरी आईनेच मिळवून दिली. इथल्या पाटीवर ‘तत्त्वज्ञान भवन’ लिहिलंय, ज्योतिषी असंच लिहितात. आई म्हणाली, “चार वर्षं तेच शिकलीस ना? मग झालं तर!” आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, तिला त्याचं कोण कौतुक! माझी खोली लहान आहे, पण जमिनीखालून चुलीची ऊब येते. स्वयंपाकघर यॉन्गहे काकूंच्या ताब्यात. त्या यॉन्गहे बंदराच्या, म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणतात. त्यांनी खारवलेला बांगडा वाढला आणि विचारलं, पदवीधर माणसं काटे काढून खातात की पुस्तकात बघून? मी दोन वाट्या भात जास्तच खाल्ला.

९ डिसेंबर

गुरुजींच्या तीस वर्षांच्या वह्या मला कार्डांवर उतरवायच्या आहेत. विद्यापीठात आम्ही या विद्येला हसायचो. इथे बसल्यावर हसू येत नाही. आज एक भाजीवाली बाई मुलीची आणि होणाऱ्या जावयाची पत्रिका जुळवायला आली होती. बाहीला डोळे पुसतच होती, कारण दुसऱ्या कुणीतरी तिला घाबरवलं होतं. गुरुजींनी खांब मांडले आणि म्हणाले, “तुझी पोरगी आग, तो लाकूड. जळेल बिचारा थोडा, पण घर उबदार राहील. चहा घे.” बाई हसत बाहेर पडली.

मी विचारलं, खरंच सगळं आधीच लिहिलेलं असतं का? ते म्हणाले, “मी फक्त हवामान सांगतो. छत्री ज्याची त्याने घ्यायची.”

मला ही विद्या मुळापासून समजून घ्यायची आहे. मग सोप्या भाषेत एक छोटं पुस्तक लिहीन, म्हणजे भाजीवालीला कुणी घाबरवू शकणार नाही. हे ऐकून गुरुजींचे डोळे ओले झाल्यासारखे वाटले.

२२ डिसेंबर

आज वर्षातली सर्वांत मोठी रात्र. भुताखेतांनी आत येऊ नये म्हणून लाल चवळीची पेज फाटकावर, उंबऱ्यांवर, अगदी कोळशाच्या खोलीवरही शिंपडली. माझ्या दाराशी आल्यावर काकूंनी पळी परत भांड्यात ठेवली. मी म्हटलं, “काकू, माझं दार राहिलं की!” त्या म्हणाल्या, “पेज संपली.” भांडं अर्धं भरलेलं होतं.

गंमत करत असतील.

८ जानेवारी १९८७

माझा चौथा खांब सापडला!

मागच्या खोलीतल्या पेटीची किल्ली गुरुजींनी कधी दिली नव्हती. आज ते दाढी करायला गेले होते आणि किल्ली पेटीलाच होती. आत घड्या घातलेली पांढरी सुती कापडं, शंभरेक तरी असतील. ज्या मुलाच्या पत्रिकेत अल्पायुष्य निघतं, त्याचं नाव आणि चार खांब अशा कापडावर लिहून इथे ठेवतात. ते कापड म्हणजे त्याच्या आयुष्याचा पूल. शेवटच्या कापडावर आमचं आडनाव दिसलं. वर लिहिलं होतं: ग्युहो, सशाची वेळ. त्याखाली: जोंगनान, वाघाची वेळ. जोंगनान म्हणजे मीच. बाजूला आईच्या अंगठ्याचा ठसा. तिला लिहिता-वाचता येत नाही.

वाघाची वेळ सशाच्या आधी येते, म्हणजे मी भावाच्या आधीची! मी मोठी! त्याला पत्र लिहून चिडवायचं ठरवलं.

एवढंच खटकलं की बाकी सगळी कापडं कोरडी होती, आणि आमच्या कापडाचं टोक ओलं होतं.

१५ जानेवारी

कार्डं करताना १९७० सालची वही हाती आली. आम्ही तेव्हा सहा वर्षांचे होतो. गुरुजींच्याच अक्षरात: ‘जुळी. मुलगा वाघाची वेळ, मुलगी सशाची. सुईणीने शपथेवर सांगितलं. मुलाला तेविसाव्या वर्षाचा वसंतारंभ नाही.’

कापडावर नेमकं उलटं आहे.

वसंतारंभाला पत्रिकेचं वर्ष बदलतं. यंदा तो चार फेब्रुवारीला आहे, संध्याकाळी सहाच्या आत. मी तेविसाव्या वर्षात आहे. ग्युहोही.

गुरुजींना वही दाखवली. त्यांनी ती मिटली आणि म्हणाले, “फार वाचतेस.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

२० जानेवारी

फाटकाशी तीन वाट्या भात आणि गवती चपलांचे तीन जोड. कुणी गेलं की न्यायला येणाऱ्या मृत्यूच्या तिघा दूतांसाठी असं मांडतात. मी विचारलं, कोण गेलं? काकू म्हणाल्या, शेजारी. शेजाऱ्यांकडे जाऊन आले. म्हातारे आजोबा उन्हात पत्ते खेळत होते.

परत आले तेव्हा चपलांना चिखल लागलेला होता.

२४ जानेवारी

काकूंना मोडाची कडधान्यं निवडताना गाठलं. हात धरून ठेवला. मग त्या बोलल्या.

आई तेव्हा इथे तीन दिवस उपाशी बसली होती. गुरुजी म्हणाले होते, पत्रिकेत निघालेलं मरण परत जात नाही, फक्त दुसऱ्याच्या दाराशी नेता येतं. मग वेळा बदलल्या. माझी त्याला, त्याची मला. “घरात तुझ्याशिवाय दुसरं होतं कोण, पोरी?” अट एवढीच, की वसंतारंभाच्या दिवशी ते कापड आणि मी एकाच छपराखाली असायला हवं.

म्हणून नोकरी. म्हणून ऊबदार खोली.

मी विचारलं, हे बदलता येतं का. काकू म्हणाल्या, नाव बदलता येतं, पण त्याच घरातल्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलं तर. “आणि कुणाचं तरी लिहावंच लागतं. कापड रिकामं राहत नाही.” आणि हाक आली तर तिन्ही वेळा ओ देऊ नकोस, असंही म्हणाल्या.

२६ जानेवारी

गावच्या मुखियाच्या फोनवर आईला बोलावून घेतलं. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. रडेल. म्हणेल, बाई गं, कुणी सांगितलं तुला हे?

ती म्हणाली, “शिकलेली आहेस, तूच समजून घ्यायला हवंस. मागशील ते दिलं ना? गावात कुणाची मुलगी गेली विद्यापीठात? पोराला गिरणीत घातलं आणि तुला शिकवलं. कशासाठी, वाटतं तुला?”

माझी पदवी. पदवीदानाच्या दिवशी ती माझी टोपी घालून फोटोला उभी राहिली होती.

२८ जानेवारी

बसच्या थांब्यावर गेले. तिकीट काढलं. बसच्या पायरीवर तीन जोड गवती चपला, टोकं आतल्या बाजूला.

परत आले.

३० जानेवारी

चपला अंगणात.

किल्ली अजून पेटीलाच आहे. कापड काढलं, शाई घोटली. ब्रश घेतला. ग्युहोचं नाव परत त्याच्या वेळेखाली, एवढंच तर — त्याला यातलं काही माहीत नाही. पहिल्या वर्षी माझी ट्रंक खांद्यावर घेऊन तीन मजले चढला होता. म्हणाला होता, “जड आहे गं तुझं ज्ञान.”

नाही लिहिता आलं.

२ फेब्रुवारी

चपला माझ्या पायरीवर. कापडाचं ओलं टोक पेटीबाहेर आलंय. मी आत ढकललं. पुन्हा —

गुरुजी माझ्या चेहऱ्याकडे बघत नाहीत. आज त्यांना विचारलं, छत्री कुठे आहे? उठून गेले.

४ फेब्रुवारी, सकाळ

आई आली. खाऊ नाही, काही नाही. हातात रिकामं फडकं. मला वाटलं, शेवटी न्यायला आली. मी तिच्या गळ्यात पडले. खरंच पडले.

तिने पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “तुझं निळं लोकरी जाकीट कुठे आहे? अंगावर घातलेलंच हवं. धुतलेलं नको.”

गेलेल्याचं अंगावरचं वस्त्र घेऊन छपरावर चढतात. त्याला नावाने हाक मारायला.

मी जाकीट काढून दिलं. तिने नीट घडी घातली.

४ फेब्रुवारी, दुपारी चारनंतर

आई माझ्या खोलीत बसली आहे. कापड तिच्या समोर पसरलंय. गुरुजींनीच आणून ठेवलं. ती त्यावरून हात फिरवते, सुरकुत्या काढते —

तिची सगळी सरकारी कागदपत्रं मीच भरली आहेत. वर्ष, महिना, दिवस मला पाठ आहेत. वेळ ती स्वतःच सांगते, हसत — कोंबड्याच्या वेळी जन्मले, म्हणून जन्मभर दाणे टिपतेय.

फाटकाशी हाक. पुरुषी आवाज, अदबीचा. माझं नाव नाही.

“दाल्ले!”

आईने मान वर केली. गावात ती ग्युहोची आई. तीस वर्षांत तिला या नावाने कुणी — हसली. लहान मुलीसारखी. म्हणाली, “अगं, माझ्या माहेरचं कुणी आहे का इथे?”

दुसरी हाक.

मी सांगायला हवं. ओ देऊ नकोस, आई. तोंड उघडत नाही. कापड तिच्या गुडघ्याशी आहे, शाई वाळली आहे, तिला वाचता येत नाही आणि मी — मी वाचून दाखवत नाहीये.

सकाळीच. जाकिटाची घडी घालून ती चुलीशी गेली तेव्हा. कापडावरचं माझं नाव खोडलं. चार खांब, खाली तिचं नाव, सुवाच्य —

केस सारखे करते आहे. उठली.

तिसरी —

“आले, आले!” म्हणत ती