डाव्या गालाचे एकवीस दिवस

माय, आधी तीन बाटल्यांबद्दल लिहिते, कारण ते सोपं आहे. तुझ्या हाताखाली भुवया कोरायला शिकलेली काकू आता तुझं पार्लर चालवते. पांढरकवड्याच्या त्याच गल्लीत, त्याच गाळ्यात. आरसा तेवढा नवा आहे. चार महिन्यांपूर्वी मी नागपूरहून आले तेव्हा तिने माझ्यासमोर तीन सीरम मांडली. "तिन्हीवर पेप्टाइड लिवलं हाये. एजंट म्हणते तिन्हीनं सुरकुत्या जातेत, तिन्ही एक नंबर. असं कसं होईन वं? एक तं दोन नंबर असनच ना. तू तपासून सांग." मी बाटल्या घेतल्या. माझं कामच ते आहे. बाटलीवर जे लिहिलंय ते चेहऱ्यावर घडतं का, हे मोजायचं. कंपनीला तुलनेसाठी बाजारातली सीरम लागतातच, त्यात काकूची तिन्ही बसवली.

पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा. तो त्वचेला निरोप देतो, की तुला ताणून धरणारे धागे अजून बनव. निरोप पोचतो की नाही, पोचला तरी ऐकला जातो की नाही, हा खरा प्रश्न. आम्ही डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्यांचा मऊ रबरी ठसा घेतो आणि यंत्राखाली त्यांची खोली मोजतो. अर्ध्या चेहऱ्याला सीरम, उरलेल्या अर्ध्याला पेप्टाइड नसलेलं साधं क्रीम, बारा आठवडे. पहिल्या आठवड्यात तिन्ही सीरम पास झाली. साधं क्रीमही पास झालं. त्वचेत पाणी भरलं की ती फुगते आणि रेघा उथळ होतात. ती सुधारणा नसते, फक्त फुगणं असतं. बारा आठवड्यांनंतर दोन सीरममध्ये आणि साध्या क्रीममध्ये काही फरक उरला नाही. तिसऱ्यात थोडा उरला. यंत्राला दिसेल एवढा, काकूच्या आरशाला दिसणार नाही एवढा.

अर्धा चेहरा ही पद्धत मला कॉलेजात कुणी शिकवली नाही. तू कोणतीही नवी वस्तू, क्रीम असो की ब्लीच, आधी एकवीस दिवस स्वतःच्या डाव्या गालाला लावायचीस. "डावं माह्यं, उजवं गिऱ्हाइकाचं," असं म्हणायचीस. म्हणजे डाव्याला काही झालं नाही तरच ती वस्तू गिऱ्हाइकाला. एकदा ब्लीचने तुझा डावा गाल लाल होऊन सोलला होता, आणि खुर्चीत बसलेली एक बाई म्हणाली, "बाई, तुमचा अर्धा चेहरा लग्नाले निंगाला अन् अर्धा मयतीले." तू तिच्या भुवईवरचा धागा न थांबवता म्हणालीस, "मंग काय! लग्न तुमचं, मयत माही." सगळं पार्लर हसलं. मी कोपऱ्यात गृहपाठ करत होते, मीही हसले. मी बारा वर्षांची असताना तुझ्या नव्या डबीतलं क्रीम चोरून दोन्ही गालांना लावलं. तू मारलं नाहीस. माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवलास आणि म्हणालीस, "दोन्हीले लावलं? मंग आता फरक कायच्याशी पाह्यशीन?" माझ्या धंद्यात यापेक्षा मोठं वाक्य मी अजून ऐकलेलं नाही. फक्त एक सुधारणा. तू नेहमी डावीच बाजू घ्यायचीस, आम्ही बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवतो.

आता डबीचं. मी यवतमाळला फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला होते. हायवेवरून येणाऱ्या एका एजंटाने तुझ्याकडे पांढरी डबी दिली होती. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं, झाकणावर गुलाबी फुलाचं स्टिकर होतं. वांगही जातो आणि सुरकुत्याही जातात, असं तो सांगून गेला. तू ती डबी पार्लरच्या नॅपकिनमध्ये गुंडाळून माझ्या बॅगेत ठेवलीस. "तुह्या कॉलेजात तपासून आण. आता घरचीच तपासणारी हाये तं मी कायले गाल सोलून घेऊ?" मी ती होस्टेलच्या कपाटात, कपड्यांच्या खाली ठेवली.

त्याच आठवड्यात आमच्या प्रॅक्टिकलला पारा ओळखायचा होता. नमुना आम्लात घालायचा, त्यात तांब्याची घासून चकचकीत केलेली पट्टी सोडायची, उकळायचं. पारा असेल तर पट्टीवर चंदेरी थर चढतो. अर्धा तास लागतो. माझ्या हातात पट्टी होती आणि डबी दहा मिनिटांच्या अंतरावर होती. असल्या बिननावाच्या, गोरं करणाऱ्या क्रीममध्ये पारा असू शकतो, हे सरांनी त्याच तासाला सांगितलं होतं आणि मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. मी डबी आणली नाही. आणली असती तर सरांनी सगळ्यांसमोर विचारलं असतं, हे कुठून आणलं, तुझी आई काय करते. होस्टेलवर मी तुला माय म्हणत नव्हते, आई म्हणत होते, आणि आईचं क्लिनिक आहे असं सांगितलं होतं. शनिवारी डबी तशीच परत घेऊन घरी आले. तू शेगडीपाशी मेण गरम करत होतीस. मान वर न करता विचारलंस, "तपासली?" मी म्हटलं, "हो. ठीक आहे."

मेणाचं भांडं उतरवून तू हात धुतलेस, डबी उघडलीस आणि दोन्ही गालांना लावलंस. मी दारात उभी राहून पाहिलं. माझ्या आठवणीत तू डावं-उजवं न पाहता काही लावलंस ते त्या एकाच दिवशी. पुढच्या सुट्टीत आले तेव्हा तुझ्या गालावरचा वांग गेला होता, चेहरा उजळला होता, आणि तू प्रत्येकीला सांगत होतीस, "माह्या पोरीनं कॉलेजातून तपासून आणली हाये."

वर्षभरात तुझ्या पापण्या सुजायला लागल्या. मग पाय. यवतमाळच्या दवाखान्यात सांगितलं, मूत्रपिंडातून प्रथिनं गळतायत. डॉक्टर भले होते. त्यांनी दुखण्याच्या गोळ्यांचं विचारलं, वैदूच्या औषधांचं विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही फार्मसीच्या ना? आई अजून काही घेतात का?" मी म्हटलं, "नाही." तू घेत नव्हतीस. लावत होतीस. त्या दुपारी तू पलंगावर बसून हातातल्या छोट्या आरशात पाहत होतीस. सुजेने चेहरा तांदळाच्या उंड्यासारखा गुळगुळीत झाला होता. "पाह्य वं," तू म्हणालीस, "सुरकुत्या गेल्या माह्या. समद्या गेल्या." बाजूच्या पलंगावरची म्हातारी म्हणाली, "मले बी सांग वो बाई काय लावतं ते." तू माझ्याकडे बोट दाखवलंस. नंतर म्हणालीस, "उद्या येताना डबी आणजो." तोवर मला शंका आली होती. शंका हा शब्दही मी सौम्य वापरतेय. पण डबी न आणायची तर का नाही आणली ते सांगावं लागलं असतं. मी आणली. झाकण घट्ट होतं, तुझ्या बोटांत जोर नव्हता, म्हणून मीच उघडून दिली. त्यानंतर तू अठरा दिवस होतीस.

नऊ वर्षं मी या डबीचा विचार केला नाही असं म्हणणं खोटं होईल. ती कुठे गेली हे मी विचारलं नाही, एवढं खरं. ती सापडली ती चार महिन्यांपूर्वी, काकूने बाटल्या मांडल्या त्याच दिवशी. काकू केसांचे आकडे त्यात ठेवते. झाकणावरचं फूल पुसट झालंय. "तुह्या मायची आठवण," ती म्हणाली. मी विचारलं, तुम्हीही लावलं होतं का. "दोन महिने. मंग आग व्हायले लागली म्हून सोडलं. तुह्या मायले तं काईच नाही झालं, तिले मानवलं ते." डबीच्या आतल्या कडेला वाळलेल्या क्रीमची एक करडी रेघ उरली होती. मी आकडे काढून वाटीत ठेवले आणि डबी मागून घेतली. प्रयोगशाळेत ती रेघ खरवडली आणि यंत्राला दिली. आलेला आकडा पाहून नमुना पुन्हा एकदा चालवला. तोच आला.

काकूला मी फोनवर एवढंच सांगितलं, की लघवी आणि रक्त तपासून घ्या. तिची मूत्रपिंडं नीट आहेत. मग गेल्या रविवारी पार्लरमध्ये जाऊन बाकीचं सांगितलं. आधी सीरमचं. दोन कामाची नाहीत, तिसऱ्यात किंचित फरक आहे, घ्यायची तर ती घ्या आणि अर्ध्याच चेहऱ्याला लावून पाहा. ती हसली, "अगदी मायवर गेली तू." मग मी डबी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, यात पारा होता. तिने एका गिऱ्हाइकासाठी धागा दातात धरला होता, तो तसाच राहिला. गिऱ्हाइकाला बाहेर बसायला सांगून ती माझ्यासमोर येऊन बसली. डबीकडे पाहत होती, हात लावत नव्हती.

"मंग तवा तुले कसा नाही दिसला वं?"

"तेव्हा आमच्या कॉलेजात तसं मशीन नव्हतं, काकू."

"हो ना. तवा कुठं होत्या मशिनी," ती म्हणाली, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "तू लेकरू होती. तुहा काय दोस."

हे सगळं मी प्रयोगशाळेच्या वहीत मागच्या पानांवर लिहिलंय. ही पानं फाडून पाठवायला पत्ता नाही, आणि काकूच्या पत्त्यावर ती जाणार नाहीत. मी तिला जे सांगितलं त्यात एकही शब्द खोटा नाही, माय. कॉलेजात मशीन नव्हतं. तांब्याची पट्टी होती.